आकृतींचे स्थानांतरण

प्रतलातील एखाद्या आकृतीचा प्रत्येक बिंदू एकाच दिशेने व एकाच अंतराने हलविला असता जी आकृती मिळते, ती मूळ आकृतीची स्थानांतरित प्रतिमा होय. या क्रियेस स्थानांतरण म्हणतात. स्थानांतरणात आकृतीच्या बाजूंची लांबी, कोनांची मापे व क्षेत्रफळ ही बदलत नाहीतच, पण प्रत्येक बाजूची दिशाही कायम राहते. परिभ्रमणात (एका स्थिर बिंदूभोवती फिरविण्यात) लांबी व कोन टिकतात, पण दिशा बदलते. परावर्तनात (आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटविण्यात) डावे-उजवे यांची अदलाबदल होते. ज्या त्रिकोणाचे शिरोबिंदू (१, १), (४, १) आणि (१, ३) आहेत, तो ५ एकके उजवीकडे व २ एकके वर सरकविला, तर नवे शिरोबिंदू (६, ३), (९, ३) आणि (६, ५) असे येतात. प्रत्येक बिंदूच्या पहिल्या सहनिर्देशकात ५ व दुसऱ्यात २ मिळविणे एवढेच येथे करावे लागते. ही दोन संख्यांची जोडी म्हणजे स्थानांतरणाचा सदिश होय. मूळ बिंदू त्यांच्या प्रतिमांना जोडणारे सर्व रेषाखंड परस्परांना समांतर व समान लांबीचे असतात.

शाळेच्या मधल्या वर्गांत ही कल्पना मुख्यतः एकरूपतेच्या ओघात भेटते. ती इतकी सोपी वाटते की, तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः आकृती हलविण्याचा अधिकार भूमितीला आहे की नाही, हा प्रश्न दोन हजार वर्षांहून अधिक काळ वादाचा होता आणि त्या वादाच्या खुणा आजच्या पाठ्यपुस्तकांत व विद्यार्थ्यांच्या चुकांत दिसतात. ग्रंथांत वाद चालू असताना शेतकरी, विणकर व वीट थापणारे लोक तीच क्रिया रोज बिनदिक्कत करीत होते. धाराशिव जिल्ह्यात (निजामाच्या राजवटीपासूनचे नाव उस्मानाबाद, २०२३ पासून पुन्हा धाराशिव) या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात.

व्यवहारातील स्थानांतरण : जिल्ह्यातील काळ्या रानात रब्बी ज्वारीची पेरणी परंपरेने तिफणीने होत आली आहे. तिफणीच्या आडव्या दिंडाला ठराविक अंतरावर तीन फण बसविलेले असतात आणि चाड्यात सोडलेले बी नळ्यांवाटे फणांमागे जमिनीत पडते. बैल सरळ चालत असेपर्यंत दिंड स्वतःच्या पूर्वीच्या स्थितीला समांतर राहून पुढे सरकते. तिन्ही फणांची वाटचाल सारख्याच लांबीची व एकाच दिशेची होत असल्यामुळे तीन तास परस्परांना समांतर उमटतात. बांधापाशी तिफण वळविली की हे स्थानांतरण संपते. वळणावर बाहेरच्या फणाला आतल्या फणापेक्षा अधिक वाट चालावी लागते, म्हणजे तेथे परिभ्रमण सुरू होते. स्थानांतरण व परिभ्रमण यांतील भेद इतक्या स्वच्छपणे दाखविणारे दुसरे साधन क्वचितच असेल.

तेरणा नदीकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत तगरहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालात साधे कापड व निरनिराळ्या प्रकारची मलमल यांचा निर्देश आहे. ताणा व बाणा यांच्या समांतर धाग्यांतून तयार होणारे कापड हा एकाच छोट्या गुंफणीचा दोन दिशांना पुनःपुन्हा केलेला विस्तार असतो. तेर येथील त्रिविक्रम मंदिर व उत्तरेश्वर मंदिर ही विटांची बांधकामे प्रसिद्ध आहेत. वीट थापणारा कामगार साचा उचलून शेजारी ठेवतो तेव्हा तो विटेच्या आकृतीचे स्थानांतरणच करीत असतो. भिंतीच्या एका थरातील प्रत्येक वीट आधीच्या विटेपासून एका विटेच्या लांबीइतकी सरकलेली असते. वरच्या थरात मात्र सांधेमोड साधण्यासाठी ती एका विटेची उंची वर व अर्ध्या विटेची लांबी बाजूला जाते. परंपरेने तेर हे संत गोरा कुंभार यांचेही गाव होय. कुंभाराचे चाक व विटांचा साचा, म्हणजे परिभ्रमण व स्थानांतरण, दोन्ही एकाच गावच्या मातीत नांदली, ही एक मौजेची गोष्ट आहे.

तुळजापूरच्या भवानीचे आराधी व गोंधळी गळ्यात कवड्यांची माळ घालतात. ही माळ उलगडून सरळ ताणून ठेवली व सर्व कवड्या एकेका जागेने पुढे सरकविल्या, तर मधली रांग पूर्वीसारखीच दिसते. पण एका टोकाला जागा रिकामी राहते आणि दुसऱ्या टोकाला एक कवडी जास्त होते. स्थानांतरणाने नक्षी तंतोतंत स्वतःवर पडण्यासाठी ती दोन्ही बाजूंना अनंत असावी लागते, हे येथे कळून येते. तीच माळ गळ्यात वर्तुळाकार असताना एकेक कवडी पुढे नेली, तर काहीच उरत नाही व काही कमी पडत नाही; कारण ते परिभ्रमण असते. पट्टीवरील नक्षीचे, अशा सममितींच्या दृष्टीने पाहता, केवळ ७ प्रकार संभवतात व प्रतलभर पसरणाऱ्या नक्षीचे १७. यांपैकी प्रतलीय नक्षींचे वर्गीकरण रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फ्योदोरफ यांनी १८९१ मध्ये केले. या सर्व प्रकारांच्या मुळाशी स्थानांतरण असते.

ग्रंथांतील वाद : यूक्लिड यांच्या मूलतत्त्वे या ग्रंथाच्या (इ. स. पू. सु. ३००) पहिल्या भागातील चौथे प्रमेय असे आहे : दोन त्रिकोणांच्या दोन-दोन बाजू व त्यांमधील कोन समान असतील, तर ते त्रिकोण सर्वार्थाने समान असतात. महाराष्ट्रातील विद्यार्थी हीच कसोटी ‘बाकोबा’ या संक्षेपाने पाठ करतो. यूक्लिड यांनी तिची सिद्धता एक त्रिकोण दुसऱ्यावर ‘ठेवून’ दिली. मात्र आकृती उचलून दुसरीकडे नेता येते आणि नेताना ती बदलत नाही, असे सांगणारे एकही गृहीतक त्यांनी आधी मांडले नव्हते. त्यांनाही हा मार्ग फारसा रुचत नसावा. कारण संपूर्ण ग्रंथात त्यांनी तो मोजक्याच ठिकाणी वापरला आहे. आठवे प्रमेय, म्हणजे ‘बाबाबा’ कसोटी, हे त्यांपैकी एक होय. ‘कोबाको’ची सिद्धता त्यांनी आकृती न हलविता दिली.

अरब-इराणी गणितज्ञांनी हा प्रश्न अधिक खोलात नेला. इब्न अल्-हैथम (सु. ९६५–१०४०) यांनी समांतर रेषांविषयीचे यूक्लिडीय गृहीतक सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. त्यांची युक्ती अशी : एका रेषेवर ठराविक लांबीचा लंब उभा करावा व तो लंबच राहील अशा रीतीने रेषेवरून सरकवीत न्यावा, त्याच्या वरच्या टोकाने काढलेली रेघ सरळ व मूळ रेषेस समांतर असेल. तिफण हाकणाऱ्यास या युक्तिवादात नवे असे काही वाटले नसते. उमर खय्याम (१०४८–११३१) यांनी मात्र त्यावर कडक आक्षेप घेतला : गती हा भौतिक पदार्थांचा धर्म असून भूमितीत तिला स्थान नाही, आणि लंब सरकताना त्याचे टोक सरळ रेषेतच जाते हे कशावरून? आक्षेपाचा हा दुसरा भाग अतिशय मर्मग्राही होता. एका रेषेपासून समान अंतरावर असणाऱ्या बिंदूंची मालिका सरळ रेषाच असते, हे विधान म्हणजे वेगळ्या शब्दांत समांतर रेषांचे गृहीतकच आहे. एकोणिसाव्या शतकात लोबाचेव्हस्की (१८२९) व बोयॉई (१८३२) यांनी हे गृहीतक न मानणारी भूमिती रचली, तेव्हा तीत ती मालिका खरोखरच वक्र निघाली. प्रतलातील सर्व बिंदू एकाच दिशेने व एकाच अंतराने सरकविता येतात, ही शाळेत निमूटपणे स्वीकारली जाणारी गोष्ट यूक्लिडीय प्रतलाचा खास गुण आहे. गोलाच्या पृष्ठावर ती शक्य नाही. तेथे कोणतीही आकृती सरकविणे म्हणजे गोल फिरविणेच होय.

यूरोपात फ्रेंच गणितज्ञ झाक पल्त्ये यांनी १५५७ मध्ये, त्रिकोण त्रिकोणावर ठेवणे ही यांत्रिक कृती असून ती सिद्धतेत शोभत नाही, असा आक्षेप घेतला. वादाचा निकाल दोन भिन्न मार्गांनी लागला. फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, भूमितीची व्याख्याच बदलली. विशिष्ट रूपांतरणांच्या गटात आकृतींचे जे गुणधर्म बदलत नाहीत त्यांचा अभ्यास म्हणजे ती भूमिती, असे त्यांनी मांडले. ज्या हालचालीला दाराबाहेर उभे केले होते, ती घरधनीण झाली. डाव्हिट हिल्बर्ट यांनी १८९९ मध्ये नेमका उलट मार्ग धरला. त्यांनी आकृती हलविण्याचे टाळले व ‘बाकोबा’चा गाभा गृहीतक म्हणूनच स्वीकारला. तार्किक दृष्ट्या दोन्ही मार्ग निर्दोष आहेत. अध्यापनाच्या दृष्टीने क्लाइन यांचा मार्ग मुलांच्या हातांना अधिक जवळचा वाटतो.

भारतीय परंपरेत हा संकोच दिसत नाही. शुल्बसूत्रांत आयताचा चौरस करताना त्याचा एक तुकडा कापून दुसऱ्या बाजूस लावण्यास सांगितले आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (सु. ११५०) काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरील चौरस चार समान त्रिकोण व मधला छोटा चौरस यांत विभागलेला आहे. या चारांपैकी दोन त्रिकोण जराही न वळविता समोरच्या बाजूंबाहेर सरकविले, की उरलेल्या दोन बाजूंवरील चौरस शेजारी शेजारी ठेवल्याप्रमाणे आकृती तयार होते. तुकडा सरकविल्याने बदलत नाही, हे येथे सांगण्याचीही गरज भासलेली नाही. पुठ्ठा व कात्री घेऊन ही कृती सातवी-आठवीच्या वर्गात दहा मिनिटांत होऊ शकते आणि स्थानांतरणाचा उपयोग काय, या प्रश्नाला याहून चांगले उत्तर देणे कठीण आहे.

धाराशिव जिल्ह्यातील शालेय भूमितीची भाषा : यूक्लिड यांचा ग्रंथ या प्रदेशात दोन वाटांनी पोहोचला. नासिरुद्दीन तूसी (१२०१–७४) यांच्या अरबी आवृत्तीवरून सवाई जयसिंगांच्या आश्रयास असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रेखागणित हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. तो १९०१-०२ मध्ये मुंबईहून छापून प्रसिद्ध झाला. उर्दूतील भूमितीची परिभाषाही त्याच अरबी परंपरेतून आली. दुसरी वाट इंग्रजीची. मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२० नंतरच्या दशकात स्थानिक सहकाऱ्यांसह गणिताची मराठी पुस्तके तयार केली व तेथून मराठी शालेय भूमितीची परिभाषा घडू लागली.

धाराशिव त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. हैदराबादेत १९१७ मध्ये भाषांतर विभाग व १९१८ मध्ये उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाल्यावर माध्यमिक शिक्षणावरही त्या भाषेचा पगडा घट्ट झाला. भारतीय भाषेत उच्च गणित शिकविण्याचा तो एक महत्त्वाचा प्रयोग होता, हे मान्य करावे लागेल; पण मराठी घरातील मुलाला त्याचा लाभ दुरूनच होत असे. घरी ज्यास तो रेघ, कोपरा व गोल म्हणे, त्यास वर्गात खत, जाविया व दायरा म्हणावे लागे. त्रिकोण हा मुसल्लस व समांतर रेषा त्या मुतवाजी. मराठीतून शिकविणाऱ्या राष्ट्रीय शाळांना म्हणूनच वेगळे महत्त्व होते. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये अशी शाळा निघाली आणि स्वामी रामानंद तीर्थ हे पुढे मुक्तिसंग्रामाचे नेते होण्यापूर्वी तेथे मुख्याध्यापक होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १९६७ मध्ये पुण्यास पाठ्यपुस्तक निर्मितीचे राज्य मंडळ (बालभारती) स्थापन झाल्यावर तेर, परंडा वा भूम येथील विद्यार्थ्याच्या हाती पुणे-मुंबईच्या विद्यार्थ्याचेच पुस्तक आले. म्हणजे एकाच कुटुंबातील आजोबांनी भूमिती ‘मुसल्लस’पासून शिकली, तर नातवाने ‘बाकोबा’पासून. तिफण तेवढी दोघांच्या काळी तीच होती.

दरम्यान यूरोपात शालेय भूमितीची पुनर्रचना सुरू झाली होती. १९५९ मध्ये फ्रान्समधील र्‌वायोमाँ येथे भरलेल्या परिषदेत यूक्लिडीय अध्यापन मोडीत काढावे, अशी टोकाची मागणी झाली आणि १९६० नंतर इंग्लंडसारख्या देशांत स्थानांतरण, परिभ्रमण व परावर्तन यांवर आधारलेली भूमिती मधल्या वर्गांत शिरली. मराठी पुस्तकांनी सर्वसाधारणपणे मधला मार्ग धरला : पारदर्शक कागदावर आकृती गिरवावी, ती दुसरीवर ठेवावी, तंतोतंत जुळते का ते पाहावे, आणि पुढच्या वर्गात कसोट्या वापरून लेखी सिद्धता द्यावी. या क्रमात मधली एक पायरी गळते. कागद नेमका कसा हलविला, सरकविला की फिरविला की उलटविला, हे विद्यार्थ्यास विचारले जात नाही. तो जुळले एवढेच पाहतो.

आकलनातील अडचणी : चौकटीच्या वहीवर स्थानांतरण काढताना होणारी सर्वांत नेहमीची चूक म्हणजे आकृती किती सरकली हे मोजण्याऐवजी दोन आकृतींमधील मोकळी जागा मोजणे. आरंभीच्या उदाहरणात मूळ त्रिकोणाची उजवी कड ४ वर व प्रतिमेची डावी कड ६ वर आहे; मध्ये २ घरे मोकळी आहेत. म्हणून विद्यार्थी ‘२ घरे उजवीकडे’ असे लिहितो. प्रत्यक्षात प्रत्येक बिंदू ५ घरे सरकला आहे. ‘५ घरे सरकवा’ असे सांगितल्यास हाच विद्यार्थी मध्ये पाच घरे सोडून आकृती काढतो व ती ८ घरे सरकते. दोन विटांमधील फट व विटेची सरकण यांतील हा गोंधळ आहे; गवंड्याच्या हाताखाली काम केलेल्या मुलास तो विटांनीच उलगडून दाखविता येतो. भिंतीत फट जवळजवळ शून्य असते, सरकण मात्र पूर्ण एका विटेची असते.

दुसरी अडचण तिरप्या सरकण्याची. सदिश उजवीकडे व वर असा असला, की पुष्कळ विद्यार्थी आकृतीही त्याच दिशेला कलती करतात. चढावर गाडी कलते तशी ती कलावी, अशी त्यांची कल्पना असते. बाजूंच्या दिशा बदलत नाहीत, हा स्थानांतरणाचा खरा गुणधर्म येथे हरवतो. लांबी व कोन यांवर भर देणाऱ्या अध्यापनात हा गुणधर्म सांगितला जात नाही, कारण एकरूपतेसाठी त्याची गरज नसते. तिसरी अडचण प्रतिमा मूळ आकृतीवर अंशतः पडते तेव्हा येते. १ घर सरकविलेला मोठा त्रिकोण मूळ त्रिकोणाशी इतका मिसळतो की विद्यार्थ्यास एकच वेडीवाकडी आकृती दिसते. अशा वेळी आकृती विसरून एकाच शिरोबिंदूचा मागोवा घेण्यास सांगणे उपयोगी पडते. आकृती म्हणजे एक अखंड वस्तू, या समजुतीकडून आकृती म्हणजे बिंदूंचा संच, या कल्पनेकडे जाण्याचा तो आरंभ असतो. आणि क्लाइन यांचा विचार समजण्यास तोच आवश्यक आहे. शेवटी, स्थानांतरण कोणत्या वाटेने झाले यास महत्त्व नसते. प्रथम ५ उजवीकडे व मग २ वर, किंवा उलट क्रमाने, वा सरळ तिरपे गेले तरी प्रतिमा तीच. दोन वेगवेगळ्या बिंदूंभोवतीच्या परिभ्रमणांबाबत असे म्हणता येत नाही.

संज्ञेविषयीही थोडे सांगावयास हवे. परिभाषेत ‘स्थानांतरण’ हा शब्द रूढ आहे, पण मराठवाड्यातील मुलाच्या कानाला त्याच्याशी जुळणारा ‘स्थलांतर’ हा शब्द अधिक ओळखीचा असतो. बीड, धाराशिव यांसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांतून दरवर्षी पावसाळा सरल्यावर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. बरोबर गेलेल्या मुलांचे शालेय वर्ष मध्येच तुटते. गणितासारख्या एकावर एक रचलेल्या विषयात ही तूट भरून काढणे फार अवघड जाते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी (जि. लातूर) परिसरात झालेल्या सु. ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने लातूरप्रमाणेच तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याच्या लोहारा-उमरगा भागातील गावेही उद्ध्वस्त केली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० व ७५० चौ. फुटांची घरे देण्यात आली. एका प्रकारची घरे एकरूप व एका दिशेने तोंड केलेल्या सरळ ओळींत असल्यामुळे, एका घराचा आराखडा स्थानांतरित केला की शेजारच्या घराचा मिळतो; ओळीतील कोणत्याही दोन शेजारी घरांसाठी तोच सदिश लागू पडतो. जुने गाव ते नवे गाव हा बदल मात्र भूमितीच्या अर्थाने स्थानांतरण नव्हता. जुन्या गावठाणात गल्लीबोळांनी जोडलेल्या घरांची परस्परांतील अंतरे व दिशा नव्या आखणीत राहिल्या नाहीत, भिंतीला भिंत असलेले शेजारी कित्येकदा दूरच्या ओळींत गेले आणि अरुंद बोळांच्या जागी रुंद रस्ते आले. पुढील काळात रहिवाशांनी आपापल्या गरजेनुसार पडव्या, आडोसे व खोल्या जोडल्या. त्यामुळे मूळची एकरूप घरेही आता एकमेकांसारखी राहिलेली नाहीत.